चहाचा राप: कपावर चढतो कसा, उतरवायचा कसा

रोज धुतल्या जाणाऱ्या कपात आतून तपकिरी कडं दिसायला लागलं की आधी भांड्यांचा साबण जास्त घेतला जातो, मग जोर वाढतो आणि तरीही कडं हटलं नाही की तारेची घासणी हातात येते. जास्तीच्या साबणाने काही साधत नाही आणि तारेच्या घासणीने कपाचं नुकसान होतं. साबणाचं काम तेलकटपणा उचलणं. चहाचा डाग तेलकट नसतो, म्हणून तो साबणाला दाद देत नाही. तो कपात मुरलेलाही नसतो. झिलई शाबूत असेल तर तो वर बसलेला एक पातळ थर असतो, इतकंच. त्या थरात काय आहे हे कळलं, तर खाण्याचा सोडा आणि लिंबू एवढ्यावर तो बिनाजोर उतरतो. कोणतं आधी वापरायचं आणि कशावर वापरायचं नाही, हे मात्र समजून घ्यावं लागतं.

थरात असतं काय?

चहाच्या हिरव्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. ती रंगहीन असतात. काळा चहा करताना पानं चुरडली जातात तेव्हा पानातलंच एक विकर (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या कॅटेचिनचं रूप बदलतात. त्यातून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिली नारिंगी-लालसर, दुसरी गडद तपकिरी. चहाचा रंग मुख्यतः यांचाच, आणि तुरटपणातही यांचा वाटा असतो. हे मोठे रेणू चिकट स्वभावाचे असतात. प्रथिनांना चिकटतात (चहा पिताना तोंड आखडल्यासारखं होतं ते यामुळेच), धातूंच्या आयनांना चिकटतात आणि कपाच्या भिंतीलाही चिकटतात.

पण एकटा चहा एवढा चिवट डाग पाडू शकत नाही. त्याला पाण्याची साथ लागते. चहा थोडा वेळ तसाच ठेवला की वर एक चमकदार, तुटक सायीसारखा पापुद्रा येतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मायकेल स्पिरो आणि डिओग्रेशियस जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी या पापुद्र्याचा अभ्यास केला आणि १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात तो मांडला. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या चहावर हा पापुद्रा येतच नाही. तो यायला पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, म्हणजे जड पाण्यातले क्षार, लागतात. चहात आम्ल घातलं तर पापुद्रा धरत नाही. पुढे २०२१ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या कॅरोलाइन जियाकोमिन आणि पीटर फिशर यांनी या पापुद्र्याची मजबुती मोजली. पाणी जितकं जड, तितका पापुद्रा टणक, असं त्यात दिसलं.

आता कप डोळ्यांसमोर आणा. घोट घेतला की चहाची पातळी खाली जाते आणि वरचा पापुद्रा भिंतीला टेकतो. दोन घोटांत वेळ गेला तर तिथेच वाळतो. म्हणून डाग कडीच्या आकाराचा पडतो, आणि सावकाश पिणाऱ्याच्या कपात एकाखाली एक अशा दोन-तीन कड्या दिसतात. वाळलेल्या थरातल्या रंगद्रव्यांवर हवेची प्रक्रिया चालूच राहते, रेणू एकमेकांत गुंततात आणि पाण्यात विरघळेनासे होतात. विटांच्या मध्ये चुना भरावा तसं रंगद्रव्यांच्या मध्ये कॅल्शियम बसतं. दुसऱ्या दिवशीचा थर आदल्या दिवशीच्या खडबडीत थरावर आणखी सहज बसतो. नव्या कपावर पहिले काही दिवस काहीच दिसत नाही आणि मग एकदम काळवंडल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

थोडक्यात, डागात दोन गोष्टी असतात: चहाचा रंग आणि पाण्याचा चुना. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

सोडा काय करतो, लिंबू काय करतं

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य आम्लारी (अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा) आहे, त्याच्या द्रावणाचा पीएच साधारण ८.३ असतो (पीएच ७ च्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे आम्लारी). चहाच्या रंगद्रव्यांवर असे गट असतात की आम्लारी पाण्यात ते हायड्रोजन सोडून देतात आणि रेणूवर विद्युतभार येतो. भारित रेणू पाण्यात जास्त सहज विरघळतो. त्याच वेळी त्याचा रंग गडद होतो. म्हणून डागावर सोडा लावला की पाणी लालसर तपकिरी झालेलं दिसतं आणि काही जणांना वाटतं, डाग वाढला. तसं नाही. डाग भिंत सोडून पाण्यात यायला लागल्याची ती खूण आहे.

लिंबू नेमकं उलटं करतं. आम्लात ही रंगद्रव्यं फिकट होतात; काळ्या चहात लिंबू पिळल्यावर रंग उजळतो, तो याच कारणाने. त्यामुळे डागावर लिंबाची फोड घासली की डाग पटकन फिका दिसतो आणि काम झालं असं वाटतं. रंगद्रव्यांपैकी बरीच तिथेच असतात, फक्त फिकी झालेली. लिंबाचं खरं बळ चुन्यावर चालतं. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवतं, बारीक बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. मधला चुना गेला की रंगद्रव्यांचा थर ढिला पडतो आणि मग सोड्याला शरण येतो.

यातून क्रम ठरतो. पाणी मऊ असेल आणि डाग नुसता तपकिरी, गुळगुळीत असेल तर सोडा पुरतो. डागाला बोट लावल्यावर खरखर जाणवत असेल किंवा किटलीच्या तळाला पांढुरकी पुटं दिसत असतील, तर आधी आम्ल, मग स्वच्छ धुणं, मग सोडा.

दोन्ही एकत्र घालायचं नाही. यावर मी जरा अडून बसतो, कारण सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो फेस फार परिणामकारक दिसतो. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात. उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि ते ना रंग सोडवतं ना चुना. बुडबुड्यांनी थोडीफार ढवळाढवळ होते, किटलीच्या तोटीत अडकलेली चहापत्ती हलायला तिचा उपयोग होईल. पण डागासाठी हे दोन चांगले पदार्थ वाया घालवणं आहे.

प्रत्यक्ष कृती

कप ओला करा, तळाशी चमचाभर सोडा टाका, दोन-चार थेंब पाणी घालून दाटसर लेप करा आणि ओल्या मऊ फडक्याने किंवा नुसत्या बोटाने डागावर फिरवा. पाणी जास्त झालं तर सोडा विरघळून जातो आणि घासण्याचा फायदा जातो, म्हणून लेप दाटच हवा. लावून पाच-दहा मिनिटं थांबलात तर घासावंही कमी लागतं. ताजा डाग यात एका वेळेस निघतो.

सोडा सुरक्षित का, तर तो मऊ आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोस नावाची मोजपट्टी आहे, त्यावर तालक १ आणि हिरा १०. सोड्याचा कठीणपणा अडीचच्या आसपास, काचेचा साडेपाचच्या आसपास, आणि चिनी मातीच्या भांड्यांची झिलई साधारण काचेइतकी किंवा जास्त कठीण. म्हणजे सोड्याचे कण झिलईला ओरखडा काढू शकत नाहीत, पण तिच्यावरचा मऊ थर मात्र खरवडतात. मिठाचा कठीणपणाही जवळपास तेवढाच, म्हणून ओल्या कपात बारीक मीठ घालून घासण्याचा उपायही चालतो. जाडं मीठ टाळलेलं बरं. राखेत आम्लारी क्षार असल्याने राखही डाग काढते, पण तिच्यात वाळूचे कण असू शकतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. राख चाळून घेतली तरी नाजूक कपाला ती मी लावणार नाही.

पांढरा, कोरडा, जादूचा म्हणून विकला जाणारा स्पंज हा मेलामाइन रेझिनचा फेस असतो. तो डाग काढतो यात शंका नाही, पण कसा, तर अतिशय बारीक सँडपेपरसारखा. जाड मगवर एखाद्या वेळी चालेल. रोज वापरला तर झिलईची चमक जाते. चमक जाणं म्हणजे सूक्ष्म ओरखडे पडणं, आणि त्या ओरखड्यांत पुढचा चहा आणखी घट्ट बसतो. तारेच्या घासणीबाबतही हेच. शिवाय स्टीलची तार झिलईवर स्वतःच्या करड्या रेषा सोडते.

घासता येत नाही अशा ठिकाणी भिजवणं हा उपाय. किटली, तोटी, थर्मास, बाटली यांत कडक गरम पाणी भरून लिटरमागे एक-दोन मोठे चमचे सोडा घाला आणि तासभर किंवा रात्रभर ठेवा. गरम पाणी हवंच, आणि नुसतं उष्णतेसाठी नाही. तापलेल्या पाण्यात बायकार्बोनेट हळूहळू कार्बन डायऑक्साइड सोडून कार्बोनेट होतं, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या दिशेने जातं आणि जास्त तीव्र होतं. थेट धुण्याचा सोडा वापरला तर पीएच अकराच्या घरात जातो. तो चिवट डागावर झटपट चालतो, पण हातमोजे घालावेत आणि भांडं नंतर तीन-चार पाण्यांनी धुवावं.

अरुंद तोंडाच्या भांड्यात ब्रश जात नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ, थोडं पाणी आणि सोडा घालून गोल गोल हलवा. दाणे भिंतीला घासत जातात आणि काचेला काही होत नाही.

आणि मग जुना, काळाकुट्ट, महिनोन्‌महिन्यांचा राप. इथे माझं मत स्पष्ट आहे: सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या 'ऑक्सिजन'वाल्या पावडरींत हेच मुख्य असतं. पाण्यात पडल्यावर त्याचे दोन भाग होतात, धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. सोडा रंगद्रव्य ढिलं करतो आणि पेरॉक्साइड त्याचा रंग देणारा भागच तोडून टाकतं. म्हणून यात पाणी तपकिरी होऊन पुन्हा फिकं होत जातं. गरम पाण्यात एक चमचा पावडर घालून अर्धा तास ठेवली की आतली बाजू बहुधा न घासता पांढरी होते. थंड पाण्यात ती फार मंद चालते. शक्यतो वास आणि रंग न घातलेली पावडर घ्या. कवळी धुण्याच्या गोळ्यांतही ऑक्सिजन सोडणारी अशीच द्रव्यं असतात, त्यामुळे थर्मासमध्ये एक गोळी टाकण्याचा उपाय खरोखर चालतो.

झाकण लावायचं नाही. परकार्बोनेट असो, कवळीची गोळी असो किंवा सोडा-व्हिनेगर, आत वायू तयार होत राहतो. बंद थर्मासमध्ये त्याचा दाब साठतो आणि झाकण उडून इजा होऊ शकते. भिजवताना तोंड उघडं ठेवा.

क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, हेही रंग घालवतं. तरी चहाच्या भांड्यांना ते नको असं मी म्हणेन. स्टीलला त्यातल्या क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात, झिलईला तडे असतील तर वास आत राहतो. आणि चुकून त्यात व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशी मिसळलं तर क्लोरामाइन, तेही विषारी. सोडा आणि परकार्बोनेटने काम होत असताना हा धोका घ्यायचं कारण नाही.

किटलीच्या तळाचा चुना

विजेच्या किटलीत चहा न करता फक्त पाणी उकळत असाल तर तिथे रंग नसतोच, नुसता चुना असतो. सोड्याचा इथे उपयोग नाही. लिंबूसत्त्वाची पावडर सगळ्यात सोयीची: लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे. पाणी कोमट असू द्या, खळखळ उकळू नका. लिंबूसत्त्व आणि चुना मिळून होणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पांढऱ्या पुटाच्या रूपात पुन्हा तळाला बसू शकतं. व्हिनेगर वापरलं तर ही अडचण येत नाही, वास मात्र दोन-तीनदा पाणी उकळून काढावा लागतो. बुडबुडे थांबले की एकतर चुना संपला किंवा आम्ल संपलं. पुटं अजून दिसत असतील तर नवं द्रावण घाला.

भांडं कशाचं आहे ते बघा

काच, झिलईची चिनी माती आणि स्टेनलेस स्टील यांना वरचे जवळपास सगळे उपाय चालतात. स्टीलमध्ये फक्त मिठाचं पाणी साठवून ठेवू नका.

ॲल्युमिनियमला आम्लारी चालत नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा जो संरक्षक थर असतो तो आम्लारीत विरघळतो आणि भांडं काळं पडतं. धुण्याचा सोडा आणि परकार्बोनेट इथे पूर्ण वर्ज्य. लिंबाचं पाणी थोडा वेळ ठेवून लगेच धुणं ठीक. चहा उकळायचं पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर हे आधी तपासा, कारण अशा पातेल्यात सोडा उकळण्याची चूक सहज होते.

ओतीव लोखंडाच्या किटलीला आतून मुलामा नसेल तर आम्ल लावू नका, गंज चढतो. आतला काळा थर तसाच राहू द्यावा. चहातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काळं संयुग करतात. जुनी काळी शाई याच प्रकारच्या रसायनाने बनायची. तो थर लोखंडाला गंजण्यापासून थोडं वाचवतोही.

सोनेरी काठाच्या कपांवरचं सोनं झिलईच्या वर चढवलेलं, अतिशय पातळ आणि मऊ असतं. सोन्याचा कठीणपणा सोड्याएवढाच, त्यामुळे काठावर काहीही घासू नका. आतल्या बाजूला लेप लावून काठ मोकळा सोडा.

जुन्या कपाच्या झिलईत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसत असेल आणि त्या भेगा तपकिरी झाल्या असतील, तर तिथे डाग खरोखर आत गेलेला असतो. घासून काही होणार नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून दिवसभर भिजवल्यास भेगा बऱ्यापैकी उजळतात. मात्र जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्लात ते झिरपतं. असं भांडं व्हिनेगरमध्ये भिजवू नये आणि भेगाळल्यावर पिण्यासाठीही वापरू नये. कपाटात शोभेला राहू द्या.

झिलई नसलेल्या मातीच्या किटल्या, जशा चीनमधल्या यीशिंगच्या, त्या वेगळ्याच. माती सच्छिद्र असते, साबणाचा वास धरून ठेवते आणि पुढच्या चहात सोडते. नुसत्या गरम पाण्याने धुवाव्यात आणि उघड्या ठेवून वाळवाव्यात. आतला राप तिथे दोष मानत नाहीत.

दुधाचा चहा आणि गाळणं

दुधातलं केसीन हे प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना आधीच पकडून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहाचा डाग काळ्या चहाच्या मानाने फिका पडतो. पण दुधाची स्निग्धता आणि प्रथिनं मागे राहतात, म्हणून इथे साबण आधी लागतो. तो थर निघाल्यावरच सोडा रंगापर्यंत पोचतो. तोटीत आणि थर्मासच्या झाकणातल्या रबरी कडीखाली दूध साचून आंबतं. आरोग्याच्या दृष्टीने काळजी करायची ती या जागेची. कपातल्या तपकिरी कडीने पिणाऱ्याला काही होत नाही. रबरी कडी काढता येत असेल तर दर वेळी काढून धुवा.

गाळण्याच्या जाळीत बारीक चहा, दूध आणि चुना तिन्ही अडकतात, म्हणून ती सगळ्यात आधी काळी पडते आणि चहा गाळायला वेळ लागतो. जाळी स्टीलची असेल तर पाण्यात सोडा घालून दहा मिनिटं उकळा, जुन्या दातांच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा आणि मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा. उजेडात धरून बघितलं की कुठली भोकं अजून बंद आहेत ते कळतं. प्लास्टिकच्या जाळीत रंग प्लास्टिकमध्येच शिरतो. परकार्बोनेटने ती उजळेल, मूळ रंगावर बहुधा येणार नाही.

डाग कमी पडावा असं वाटत असेल तर सगळा प्रश्न वाळण्याचा आहे. कप लगेच घासायला वेळ नसला तरी चहा संपल्याबरोबर पाण्याने विसळा, नाहीतर काठोकाठ पाणी भरून ठेवा. ओला पापुद्रा नुसत्या पाण्याने निघतो, रात्रभर वाळलेल्याला सोडा लागतो. गाळून क्षार कमी केलेलं पाणी वापरलं तर पापुद्राच कमी धरतो. आणि ज्या कपांत रोज चहा होतो त्यांना आठवड्यातून एकदा सोड्याचा लेप फिरवला, तर परकार्बोनेटपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.